तिच्या तोंडचा फुगा रिकामाच का?

मैत्रिणींनो, चित्रकथा काढणारे कलावंत अलीकडे जुन्या, सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टी नव्याने काढू लागले आहेत. कधी पुस्तकातून, कधी एकत्र प्रदर्शन भरवून, कधी थेट भिंतीवर. की लगेच संस्कृतीचे राखणदार ओरडतात, "आमच्या गोष्टींना हात लावू नका!"

आमच्या म्हणजे कुणाच्या? आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून सीतेचा वनवास आपल्याच शब्दांत गात आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकामागून एक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले. आपल्या परीने गोष्ट सांगण्याची परवानगी या बायाबापड्यांनी कुणाच्या कचेरीत जाऊन घेतली नव्हती. आपणही घेणार नाही.

आज भांडायचं आहे ते आपल्याच बाजूने उभं राहणाऱ्यांशी. नायिकेला वाघावर बसवलं, हातात त्रिशूळ दिला की स्त्रीमुक्ती झाली, असं मानणाऱ्यांशी.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर राम देविनेनी आणि डॅन गोल्डमन यांची 'प्रियाज् शक्ती' ही चित्रकथा २०१४ साली आली. धारावीतल्या भिंतींवरही तिची चित्रं रंगवली गेली. बलात्कार झालेल्या प्रियाला घरचे हाकलून देतात, पार्वती तिच्या पाठीशी उभी राहते आणि प्रिया वाघावर बसून परत येते. लाज तिने बाळगायची नाही, हे या कथेने ठणकावून सांगितलं. ते मोलाचंच आहे. पण वस्तीतल्या मुलीने वाघ कुठून आणायचा? आणि देवी पावेपर्यंत तिचं ऐकणार कोण?

याउलट 'सीताज् रामायण' पाहा. मजकूर समहिता अर्णी यांचा, चित्रं बंगालच्या पटचित्रकार मोयना चित्रकार यांची, साल २०११. इथे सीतेच्या हाती शस्त्र नाही. ती फक्त स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. तेवढ्याने युद्धाचा अर्थच पालटतो. २०१५ साली 'ड्रॉइंग द लाइन' या संग्रहात १४ तरुण मुलींनी रोजच्या जगण्यातल्या गोष्टी स्वतः काढल्या. दोन्ही ठिकाणी बदललं ते एकच : बोलणारी कोण!

चित्रकथेत हे लपवता येत नाही. माणूस बोलला की त्याच्या तोंडाजवळ फुगा काढावा लागतो. मोजा की! कुणाच्या वाट्याला किती फुगे आले?

आता आपल्या भागाकडे येऊ. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. लुटीबरोबर तिला दरबारात आणलं, शिवाजी महाराजांनी मातेसमान मानून सन्मानाने परत पाठवलं. इतिहासाचे अभ्यासक या गोष्टीच्या पुराव्याविषयी शंका घेतात. तरी बाईच्या अब्रूविषयी राजाने कसं वागावं याचा हा धडा आपल्याला हवाच आहे. पण त्या बाईचं नाव काय? ती काय म्हणाली? नेहमीच्या चित्रांत ती खाली मान घालून उभी असते. गोष्ट तिच्यावरून, आणि तिच्याच तोंडचा फुगा रिकामा!

कल्याणला लागूनच उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली हे शहर उभं राहिलं. सिंधी आजींच्या तोंडी मारुईची गोष्ट असते. उमर राजा मारुईला पळवून उमरकोटच्या किल्ल्यात डांबतो, राणी करायचं आमिष दाखवतो. ती त्याचे रेशमी कपडे नाकारते, आपल्या माणसांसाठी झुरते, आणि नाही म्हणजे नाही म्हणते. शाह अब्दुल लतीफांच्या काव्यात बोलते ती मारुई. राजापुढे आणलेल्या दोन बायका, दोन्ही परत पाठवलेल्या. एकीचा शब्द शतकानुशतकं गाइला गेला, दुसरीचं नावही उरलं नाही. या दोघींना एका भिंतीवर शेजारी शेजारी काढणारे कलावंत आम्हाला हवे आहेत.

हा कलेचा शौक नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाले. मुलींनी घरी सांगितलं, पण तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुंबईत फलक लागले : गृहमंत्र्यांच्या हाती बंदूक, वर 'बदला पुरा'. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं.

तो फलकही एक चित्रकथाच होती! राक्षस, वीर, वध, टाळ्या. त्यात मुली कुठे होत्या? घरी येऊन सांगणाऱ्या, आणि आपलं म्हणणं कुणी मनावर घेतं का याची वाट पाहणाऱ्या मुली? वीराच्या जागी वीरांगना काढली तरी हा प्रश्न सुटत नाही. वध झाला म्हणजे तक्रार नोंदवण्याची पद्धत सुधारत नाही.

म्हणून कलावंतांना आमचं जाहीर आवाहन आहे. मुंबईच्या कलादालनांत थांबू नका. उल्हासनगरच्या कॅम्पात या, अंबरनाथला या, बदलापूरला या. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराच्या भिंती दगडी मूर्तींनी भरलेल्या आहेत. भिंतीवरची गोष्ट वाचायला इथल्या बायकांना शिकवावं लागणार नाही. शाळेच्या वर्गात, महिला मंडळाच्या खोलीत, नवरात्राच्या मांडवात, दोरी बांधून चित्रं टांगा. मराठीत लिहा, सिंधीत लिहा. आणि इथल्या मुलींच्या हाती ब्रश द्या; त्यांना नुसत्या प्रेक्षक करू नका.

आपल्या गटांनीही उद्यापासून एक काम करावं. बैठकीत एखादी जुनी चित्रकथा मधोमध ठेवा. बायकांच्या तोंडचे फुगे मोजा. मग कोऱ्या कागदावर तीच गोष्ट पुन्हा काढा, आणि जी गप्प होती तिच्या तोंडाजवळ आधी फुगा काढा. त्यात काय लिहायचं ते मुलींना विचारा. त्या सांगतील. आपण तेवढा वेळ बसून ऐकायची तयारी ठेवू या.