कॅमेरा आणि त्याचा धनी

लेखकाला त्याची लेखणी, गवयाला त्याचा तंबोरा आणि फोटोग्राफरला त्याचा कॅमेरा कशासाठी आवडतो, हे त्या त्या माणसाला विचारण्याच्या भानगडीत सहसा पडू नये. पहिले दोघे निदान गोंधळून गप्प तरी बसतील. फोटोग्राफर मात्र तासभर बोलेल, आणि त्या तासाभरात खरे कारण काही सांगणार नाही. तो खोटे बोलतो असे मला म्हणायचे नाही. भिंगाची धार, रंगांचा गोडवा, कमी उजेडात टिपण्याची ताकद, हे तो जे जे सांगतो ते सगळे खरेच असते. पण मुलगी मनात भरल्यावर 'घराणे चांगले आहे' असे आईला सांगणाऱ्या मुलाचे बोलणे जितके खरे, तितकेच.

पदार्थविज्ञान शिकवणारे माझे एक सहकारी आहेत. त्यांच्याजवळ तीन कॅमेरे. पैकी एक इतका भारी की त्या किमतीत आमच्या मराठी विभागाला पुस्तकांचे एक कपाट आले असते. (आले नसते, ते पैसे दुसऱ्याच विभागाकडे वळले असते, पण ते असो.) हा भारी कॅमेरा पावसाळी हवेने भिंगाला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या संगतीत, राजयोग भोगत पडलेला असतो. घरी चार माणसे जमली, बारसे असले, की सर बाहेर काढतात तो मात्र एक जुना, लहानसा, कोपरे झिजलेला कॅमेरा. 'हाच का?' असे विचारले तेव्हा त्यांनी मला प्रकाशशास्त्रावर एक उत्तम व्याख्यान दिले. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी ते एका वाक्यात निकालात काढले. म्हणाल्या, "अहो, मोठा काढला की सगळी माणसे पाटावर बसल्यासारखी बसतात. ते ह्यांना चालत नाही."

मला वाटते, वहिनींनी सांगितले तेच मर्म आहे. कॅमेरा घेताना माणूस भिंग पारखतो खरा, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठरवून टाकतो: समोरच्या माणसापुढे आपण कसे उभे राहणार. किती जवळ जाणार, त्याला कळू देणार की नाही, त्याच्या डोळ्यांत पाहणार की मान खाली घालणार. आणि पुष्कळदा हे फोटोग्राफरने ठरवलेलेही नसते. ते समोरच्या माणसाने ठरवलेले असते, किंवा गिऱ्हाइकाने, किंवा खिशाने.

गिऱ्हाइकाने ठरवलेल्या कॅमेऱ्याची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. माझ्या आजोळच्या तालुक्याच्या गावी एक जुने स्टुडिओवाले होते. तिवईवरचा मोठा लाकडी कॅमेरा, मागे काळे कापड, त्यात डोके खुपसून उभा राहिलेला माणूस, असा त्यांचा संसार. सुटसुटीत रोलचे कॅमेरे बाजारात येऊन जमाना लोटला तरी त्यांनी तो डबा सोडला नव्हता. जुने ते सोने म्हणून नव्हे. त्या डब्यातून निघणारी निगेटिव्ह तळहाताएवढी असे, आणि तळहाताएवढ्या निगेटिव्हवर पेन्सिल चालते. तिरप्या चौकटीमागे उजेड ठेवून, वर एक चिकट द्रावण लावून, सुईसारखी टोकदार पेन्सिल घेऊन ते बसत आणि निगेटिव्हवरच बारीक बारीक टिंबे देत. निगेटिव्हवर जिथे शिसे चढते तिथे कागदावर उजळते. अशा रीतीने गालावरचे देवीचे व्रण भरून निघत, डोळ्यांखालची वर्तुळे पुसली जात, रंग दोन छटा उजळ होई. बोटभर रुंदीच्या फिल्मवर हे काम करू म्हटले तर पेन्सिलीचे एक टिंब म्हणजे गालावर चक्क तीळ!

हे कोणासाठी? तर स्थळांना पाठवायच्या फोटोंसाठी. देशातली देवीची साथ १९७५ मध्ये संपली. तिचे व्रण पुढेही कितीतरी वर्षे चेहऱ्यांवर होते. ज्या बापाला तीन मुली उजवायच्या होत्या, त्याच्या दृष्टीने जगातला सर्वांत चांगला कॅमेरा म्हणजे ज्याच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरते तो. स्टुडिओवाल्यांना हे पक्के ठाऊक होते. पुढे प्रत्यक्ष दाखवण्याच्या कार्यक्रमात त्या मुलीवर काय प्रसंग येत असेल, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी मला ते सांगितले तेव्हा हसत सांगितले, पण नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आता समोरच्या माणसाने ठरवलेला कॅमेरा. त्यासाठी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला जावे लागेल. गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी हा विशीतला तरुण आश्रमात काम करीत होता. त्याला फोटो काढायची इच्छा झाली. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला कधी 'असे बसा, तसे बघा' म्हणायचे नाही. आणि आश्रमाचा पैसा या कामी लागणार नाही. तिसरी अट घनश्यामदास बिर्लांच्या शंभर रुपयांनी सुटली. त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आले. पहिल्या दोन अटी कनूला जन्मभर पाळायच्या होत्या.

हा रोलीफ्लेक्स ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात १९२९ च्या सुमारास तो तयार होऊ लागला. उभट डबी, तिला एकावर एक अशी दोन भिंगे. वरचे पाहण्यासाठी, खालचे टिपण्यासाठी. कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, पोटाशी धरायचा आणि वरून, विहिरीत डोकावावे तसे, काचेवर उमटलेल्या प्रतिमेकडे पाहायचे. ही प्रतिमा सुलट असते, पण डाव्याची उजवी होते. त्यामुळे नवशिका माणूस चालत्या माणसामागे कॅमेरा नेमका उलट्या दिशेला फिरवतो. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे. शटरचा आवाज एवढा बारीक की सूत कातणाऱ्या माणसाची तंद्री मोडू नये.

सेवाग्रामच्या कुट्या मातीच्या, खिडक्या लहान, आणि त्या काळची फिल्म मंद. फ्लॅश नाही म्हटल्यावर दारातून येईल त्या उजेडाची वाट पाहायची, आणि दोन बोटांची उसंत मिळाली तर खटका दाबायचा. कनूची छायाचित्रे पाहा. गांधीजी त्यांत आपल्या कामात आहेत. तुमच्याआमच्याकडे पाहत नाहीत. ज्याने फोटो काढला तो मान खाली घालून उभा आहे. थोरल्या माणसापुढे घरातला मुलगा जसा उभा राहतो, अगदी तसा. रोलीफ्लेक्सच्या कारखानदारांनी आपल्या जाहिरातीत हा गुण कधी सांगितला असेल असे वाटत नाही.

याच गांधीजींसमोर १९४६ मध्ये 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट आल्या. साप्ताहिकाला लख्ख, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ चित्र हवे होते; अंधाऱ्या खोलीत ते मिळवायचे तर फ्लॅश हवाच. तेव्हाचा फ्लॅश म्हणजे काचेचा बल्ब. एकदा पेटला की संपला. बाईंना आधी सांगण्यात आले की चरख्यावरच्या माणसाचा फोटो काढायचा तर आधी सूत कातायला शिका. त्या शिकल्या! मग तीन बल्बांची परवानगी मिळाली. त्यांतले पहिले दोन फुकट गेले. तिसऱ्याने जे दिले ते चरख्याजवळ बसून वाचणाऱ्या गांधीजींचे चित्र आज जगभर ओळखले जाते. ते सुंदर आहे यात वाद नाही. चरखा पुढे, माणूस मागे, ही मांडणी तर एखाद्या प्रबंधाच्या मुखपृष्ठासारखी नेमकी. पण माझे मत विचाराल तर त्यात पाहुणी बसलेली आहे हे कळते. कनूच्या चित्रांत पाहुणे कोणी नाही.

होमाई व्यारावाला यांची तऱ्हा आणखी निराळी. १९१३ मध्ये नवसारीला जन्मलेली ही पारशी मुलगी मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकली, १९४२ मध्ये दिल्लीला गेली आणि देशातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजली. साडी नेसून, सायकलवरून, सगळी सामग्री लादून त्या दिल्लीभर हिंडत. आणि सामग्री म्हणजे काय, तर रोलीफ्लेक्स होताच, पण त्याबरोबर स्पीड ग्राफिक नावाचे अमेरिकन धूड! नावात 'स्पीड' असले तरी त्याचा वेग आपल्या पॅसेंजर गाडीसारखा. चार इंच बाय पाच इंचाचा फिल्मचा एकेक तुकडा लाकडी खणात घालायचा, झडप ओढायची, शटर ताणायचे, फोटो काढायचा, झडप लावायची, खण उलटा करायचा, की झाली दुसऱ्या फोटोची तयारी. तोवर मंत्रिमहोदय गाडीत बसलेले!

मग असे धूड का बाळगायचे? वर्तमानपत्रांचे कारण उघड आहे. एवढ्या मोठ्या निगेटिव्हचा एखादा कोपरा कापून मोठा केला तरी छपाईत टिकतो. पण मला यात दुसरेही एक कारण दिसते. सगळ्या पुरुषांच्या गर्दीत एकटी बाई पुढे घुसते आहे. तिच्या हातात ते अवजड, चकचकीत फ्लॅशचे यंत्र असले की 'बाई, तुम्ही इकडे कुठे?' हा प्रश्न विचारणाऱ्याच्या ओठांवरच राहतो. कनूला कॅमेरा लपावा असे वाटत होते, होमाईबाईंचा कॅमेरा दिसणे भाग होते. फाळणीच्या योजनेवर काँग्रेसच्या नेत्यांनी हात वर करून मत दिले, तो १९४७ च्या जूनमधला क्षण त्यांनी टिपला. त्या खोलीत त्या होत्या, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही भिंगापेक्षा मोठी वाटते. १९७० मध्ये त्यांनी हे काम सोडले ते सोडलेच. पद्मविभूषण मिळायला २०११ साल उजाडले. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आणि फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ? त्यांचा लायका. दम्याने बेजार झालेल्या ऑस्कार बार्नाक या जर्मन कारागिराला मोठे कॅमेरे डोंगरावर वाहवेनात, म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा तयार केला. १९२५ मध्ये तो बाजारात आला. म्हणजे या कॅमेऱ्याचे मूळ एका माणसाच्या छातीत आहे! ब्रेसाँनी त्याची चकाकणारी अंगे काळ्या पट्टीने झाकली, म्हणजे कोणाच्या नजरेत भरू नये. बहुतेक वेळ एकच भिंग, पन्नास मिलिमीटरचे. कॅमेरा क्षणभर डोळ्याला लावायचा आणि परत खाली. पाहुणाही नाही, घरचा मुलगाही नाही, बातमीदारही नाही. गर्दीतला एक वाटसरू. १९४८ च्या जानेवारीत, गांधीजींच्या अखेरच्या दिवसांत, ते दिल्लीत होते. अंत्ययात्रेचे त्या लाखोंच्या गर्दीत घुसून त्यांनी जे फोटो काढले, ते तिवई लावून निघालेच नसते. होमाईबाईंनीही ती यात्रा टिपली. कनू त्या दिवशी नौखालीत होता. गांधीजींनीच त्याला तिकडच्या कामावर ठेवले होते. त्याची पत्नी आभा मात्र गोळ्या झाडल्या तेव्हा गांधीजींच्या शेजारी चालत होती.

खिशाने ठरवलेल्या कॅमेऱ्याबद्दल फार लिहायला नको, कारण तो आपणा सर्वांच्या घरात होता. साठ-सत्तरच्या दशकांतला बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. बारा फोटोंचा रोल, आणि ऊन की ढग एवढाच काय तो विचार. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावे हा नियम. त्यामुळे त्या काळच्या घरगुती आल्बमात काका, मावशी, मुंज झालेला बटू, सगळेच डोळे बारीक करून आपल्याकडे पाहतात. पुढच्या पिढ्यांना वाटायचे, आमच्या घराण्यात कोणाला धड दिसतच नव्हते.

आपण मराठी माणसे फोटो 'काढतो'. विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, अंगणात रांगोळी काढतो, तसाच फोटोही. क्रियापद एकच, पण त्यात खोलीतून बाहेर आणणे आहे, दुखणारे उपसणे आहे आणि हाताने रेखणेही आहे. आणि 'कॅमेरा' हा शब्द मुळात लॅटिनमधला, अर्थ खोली. हिंदीतला 'कमरा' पोर्तुगीजांच्या मार्गाने त्याच मुळापासून आला. कॅमेरा निवडणे म्हणजे कोणत्या खोलीत बसून जगाकडे पाहायचे ते ठरवणे, असे कोणी म्हटले तर व्युत्पत्ती निदान त्याच्या बाजूची आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनच्या दुकानात कॅमेऱ्याच्या नावानेच गिऱ्हाईक ओढतात. तरी लग्नात पैसे देऊन बोलावलेला फोटोग्राफर दोन्ही खांद्यांवर दोन मोठे कॅमेरे अडकवून येतो. आमच्या ओळखीतल्या अशा एका तरुणाला मी या दिवाळी अंकासाठी म्हणून मुद्दाम गाठले. तो म्हणाला, "सर, निम्मे फोटो फोनवरही तेवढेच चांगले येतील. पण फोन घेऊन पुढे गेलो तर नवरीचा मामा मला बाजूला सारील, आणि बिल देताना तर विचारूच नका." होमाईबाईंच्या दिल्लीपासून या बाबतीत फारसे काही बदललेले नाही, हे ऐकून मला गंमत वाटली.

मग तो आपणहून म्हणाला, "पाठवणीला मात्र मी हे दोन्ही मदतनिसाकडे देतो." त्या वेळी तो पिशवीतून एक तिसराच, लहान कॅमेरा काढतो. एकच भिंग असलेला. दूरचे जवळ आणण्याची सोय नसलेला. म्हणजे जवळ जायचे तर आपल्या पायांनी. भिंगाविषयी तो काही बोलेल म्हणून मी वही सरसावून बसलो होतो.

"याचा आवाज येत नाही," तो म्हणाला. "मुलीचे वडील दाराआड जाऊन रडतात, सर. त्यांना ऐकू जाता कामा नये."