उसनी चाल आणि निनावी वादक

एखाद्या लोकप्रिय गाण्यातील शब्द बाजूला सारून त्याची केवळ चाल गिटारवर वा अकॉर्डियनवर वाजवली, की आपल्याकडील सुविद्य मंडळी नाक मुरडतात. ‘ही नक्कल, हिच्यात कला कसली?’ असा निवाडा देऊन ती मोकळी होतात. हा निवाडा चुकीचा तर आहेच. शिवाय तो एका खऱ्या अन्यायावर पांघरूण घालतो.

प्रथम नकलेचा आरोप पाहू. ख्यालगायक पिढ्यान्‌पिढ्या त्याच बंदिशी गात आले. त्यांना कोणी नकलाकार म्हणत नाही. अमेरिकेतील ‘द व्हेंचर्स’ हा केवळ वाद्यांवर रॉक संगीत वाजवणारा गट १९६० साली नावारूपाला आला, तो ‘वॉक, डोन्ट रन’ या जॉनी स्मिथ यांच्या रचनेमुळे. चाल दुसऱ्याची होती, वाजवण्याचा बाज त्यांचा होता. शब्द गेले की गाण्याचा अर्धा आधार जातो. गायकाचा श्वास, शब्दावरचा जोर, ओळीअखेरचा विराम यांची जागा तारेने कशी भरावी, हे वादकालाच ठरवावे लागते. कला ती हीच.

आता अन्यायाकडे वळू. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवले जाई. त्या विद्येच्या बळावर अनेक गोवेकर ख्रिस्ती वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचे वाद्यवृंद-संयोजन केले. तबकडीवर मात्र संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे. वादक बहुधा निनावीच. अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोचले, ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटामुळे. ते प्यारेलाल यांच्या व्हायोलिन-गुरूंचे नाव आहे, हे गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

अशा काळात व्हॅन शिप्ले यांची इलेक्ट्रिक गिटार आणि पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांचे अकॉर्डियन यांच्या स्वतंत्र तबकड्या निघाल्या. चाली चित्रपटांतल्याच, पण नाव वादकाचे. ज्यांना आपण नक्कल म्हणून हिणवतो, त्याच तबकड्यांनी वादकाला त्याची ओळख मिळवून दिली.

मूळ रचनाकाराचे काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पुनर्ध्वनिमुद्रणासाठी पाच वर्षे थांबावे लागते, रचनेच्या हक्कदाराला आगाऊ मोबदला द्यावा लागतो आणि ही मूळ आवृत्ती नव्हे, हे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. म्हणजे कायद्यालाही उसनवारी मान्य आहे. मान्य नाही ती लपवाछपवी.

ही गोष्ट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीपासून दूरची नाही. धानाची कापणी आटोपली की झाडीपट्टीची नाटके गावोगावी रात्रभर रंगतात. वडसा हे त्यांचे माहेरघर. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली आणि या रंगभूमीच्या नटाचा यथोचित गौरव झाला. परंतु पहाटेपर्यंत ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांची नावे किती प्रेक्षक सांगू शकतील?

वाचकहो, चाल उसनी घेण्यात कमीपणा नाही. वादकाला निनावी ठेवण्यात आहे. नाटक असो, लग्नाची वरात असो वा नाताळचा कार्यक्रम, निवेदकाने वादकांची नावे उच्चारावीत आणि आयोजकांनी ती पत्रिकेवर छापावीत. यासाठी काही खर्च येत नाही.