फाळ झिजला म्हणून औत मोडू नका

मुरबाडहून एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे आणि पुढे टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्याची जिल्हाधिकारी कचेरी. ही पायपीट आपल्या ग्रामीण भागातल्या माणसाला नवी नाही. अलीकडे ती बरीच कमी झाली, हेही मान्य केले पाहिजे. २०१८ साली डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, अनेक दाखले गावाजवळच्या सेवा केंद्रात निघू लागले. परंतु कचेरीचे काम ज्या संगणकावर बसून गावात आले, तो संगणक आता थकला आहे, त्याचे काय?

सकाळी बटण दाबले की चहा पिऊन होतो, तरी पडदा उघडत नाही. बाहेर रांग ताटकळते. शाळेत तर पाच संगणकांतले तीन कापड पांघरून बसलेले. विचारले की एकच उत्तर मिळते, "जुना झालाय, नवा घ्या." घ्या म्हणायला काय जाते? नव्याचे पैसे कुठून आणायचे, हे कोणी सांगत नाही.

वाचकहो, औताचा फाळ झिजला म्हणून कोणी अख्खे औत चुलीत घालत नाही. लोहाराकडे जाऊन फाळ तेवढा बदलतो. संगणकाचेही पुष्कळदा तसेच असते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या यंत्रात माहिती साठवणारी हार्डडिस्क ही फिरती तबकडी आहे. तबकडी फिरणार, सुई हलणार, मग माहिती सापडणार. बहुतेक वेळ इथेच जातो. तिच्या जागी एसएसडी बसवली, की फिरणारे काही उरतच नाही. २०१० नंतरच्या बहुतेक संगणकांत साटा पद्धतीची जोडणी असते आणि अडीच इंची साटा एसएसडी तिथेच बसते. जोडीला रॅम चार जीबीची आठ केली, तर तेच यंत्र पुन्हा कामाला लागते. मात्र रॅम डीडीआर-३ आहे की डीडीआर-४, हे पाहूनच घ्यावी. एकीच्या खाचेत दुसरी बसत नाही.

काढलेली हार्डडिस्क फेकू नका. लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह आता कोण वापरतो? तो काढून त्या जागी कॅडी नावाची चौकट बसवा आणि जुनी डिस्क तिच्यात घाला. कॅडी साडेनऊ आणि पावणेतेरा मिलिमीटर अशा दोन जाडीत मिळते. आधी मोजा, मग घ्या. टेबलावरच्या संगणकात डीव्हीडीच्या साटा तारा दुसऱ्या डिस्कला चालतात. नाहीतर यूएसबीचे केसिंग घेऊन तीच डिस्क दप्तराची दुसरी प्रत ठेवायला वापरा. पण टकटक आवाज करणाऱ्या डिस्कवर कोणाचाही दाखला ठेवू नका. ती कधी दगा देईल, सांगता येत नाही. आणि तारीख रोज मागे जात असेल, तर आधी आतला नाण्याएवढा सेल बदला. चुकलेल्या तारखेमुळेही सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत.

एक अडचण मात्र झाकून ठेवता येणार नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि बहुतेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. शाळेला, ग्रंथालयाला उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली चालेल. तिच्यात मराठीही लिहिता येते. सेवा केंद्राने मात्र आपले अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल स्वाक्षरी तिथे चालते की नाही, हे आधी तपासावे. न चालल्यास नवे यंत्र त्या एका कामापुरते घ्यावे, बाकीची कामे जुन्यावर ठेवावीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्या जुन्या डिस्कवर गावाचे आधार, पासबुक, सातबारे आहेत. फाईल डिलीट केली म्हणजे पुसली गेली, असे नाही. डिस्क दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ती पूर्ण पुसून घ्या. बिघडलेली असेल तर भोके पाडून निकामी करा. मगच नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या, किलोच्या भावाने भंगारात नको.

जिल्हा परिषदेला आमचे सांगणे इतकेच आहे. शाळा आणि ग्रामपंचायतींतल्या संगणकांचे निर्लेखन करण्यापूर्वी प्रत्येक यंत्र एकदा जाणत्याकडून उघडून पाहावे. दोन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत होत असेल, तर ते करावे आणि त्याची नोंद ठेवावी. शाळेतली पोरे कापडाखालचा संगणक बघत मोठी होता कामा नयेत. त्यांच्या हाताखाली तो चालला पाहिजे, जुना का असेना.