हिशेब ठेवा, नाव विचारा

रमजान संपला की आपल्या घरांतील स्त्रिया एक हिशेब न चुकता ठेवतात. यंदा किती रोजे सुटले, किती कजा अदा झाले, किती बाकी आहेत. कुणी कॅलेंडरवर खूण करते, कुणी शिवणाच्या डब्यात चिठ्ठी ठेवते. पाळीचे दिवस मोजणे आपल्या आया-बहिणींना कुणी वेगळे शिकवावे लागत नाही. नमाज-रोजासाठी त्या ते लहानपणापासून करतात. पण तीच बाई डॉक्टरांसमोर बसली आणि "कधीपासून? किती दिवस? किती जाते?" असे प्रश्न आले की उत्तर मिळते, "जरा जास्तच जाते." पुढे शब्द निघत नाहीत. शरम आडवी येते, बाहेर रांग असते, खिशातले पैसे मोजून आणलेले असतात. या महिन्यात आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. घरातील पुरुषांनीही हे सदर वाचावे, अशी विनंती आहे.

गेल्या वर्षी आमच्या सातवीच्या वर्गातील एक हुशार मुलगी दर महिन्याला चार-पाच दिवस गैरहजर राहू लागली. हजेरीपट पाहिला तर गैरहजेरी साधारण ठरावीक अंतराने येत होती. पालकसभेत तिच्या अम्मीला विचारले. बाई जेमतेम ३८ वर्षांच्या. घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. पती रिक्षा चालवतात. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "आपा, त्या दिवसांत मला उठवतच नाही. पोरीलाच सगळं करावं लागतं." दोन वर्षांपासून पाळी दहा-बारा दिवस चालत होती. रक्ताच्या गाठी पडत. ओटीपोटात डावीकडे अशी कळ येई, की शिलाई मशीनवर बसणे अशक्य होई.

उपचार केले नव्हते असे नाही. तीन खाजगी दवाखाने झाले होते. प्रत्येक ठिकाणी नवी सोनोग्राफी, नव्या गोळ्या. आधीचे रिपोर्ट कुणी मागितले नाहीत आणि यांनी दाखवले नाहीत. दोन वर्षांत १८ हजार रुपये गेले, त्यातले निम्मे उसने. शेवटच्या ठिकाणी सांगितले गेले, "पिशवी काढून टाका, ३५ हजार होतील." कोणता आजार आहे, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ते कुणी सांगितलं नाही. सोनोग्राफीत फारसं काही नाही म्हणाले."

आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. आजाराचे नाव कळलेले नाही आणि अवयव काढायचे मात्र ठरले आहे.

असे का होते? एक कारण पैशाच्या व्यवस्थेत आहे. गरीब कुटुंबाकडे आरोग्यविमा नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांच्याही बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच खर्च देतात. आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ पासून ती सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी खुली झाली असून योजनेतील ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. ही मोठी सोय आहे. मात्र तीही मुख्यतः भरती व शस्त्रक्रियेसाठी आहे. आजार शोधण्याचा काळ, म्हणजे डॉक्टरांची फी, रक्ततपासण्या, सोनोग्राफी, पुन्हा दाखवायला जाणे, हा खर्च खाजगी दवाखान्यात खिशातूनच होतो. म्हणजे शोधायला पैसे लागतात आणि कापायला योजना मिळते किंवा उसनवारी करता येते. थकलेली बाई मग म्हणते, "काढून टाका एकदाची, कटकट मिटेल."

ही कटकट नेहमी मिटतेच असे नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच अनावश्यक शस्त्रक्रियांबाबत डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सांगितले. ही शस्त्रक्रिया कधी कधी अगदी आवश्यक असते आणि जीवही वाचवते, हे खरे. पण कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली, तर पाळी कायमची जाण्याचे परिणाम लगेच सुरू होतात आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणून कारण कळल्याशिवाय हो म्हणू नये.

पाळीच्या तक्रारीमागे कारणे अनेक असतात. गर्भाशयात गाठी असतात. कधी गर्भाशयाचे अस्तर त्याच्याच स्नायूत शिरते. थायरॉइड बिघडलेले असते. कधी तांबी बसवल्याने रक्तस्राव वाढतो. कधी जननेंद्रियांचा क्षयरोग असतो, ज्याची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. आणखी एक आजार आहे एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे अंडाशयावर किंवा आतड्याजवळ वाढतात. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो साध्या सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही. तेव्हा "सोनोग्राफी नॉर्मल आहे" याचा अर्थ "तुम्हाला काही झालेले नाही" असा होत नाही. सुनेला, मुलीला "नाटकं करते" म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे.

शरमेबद्दलही बोलले पाहिजे. हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचा प्रसंग सहीह बुखारीत आला आहे. रक्तस्राव थांबत नव्हता, तेव्हा त्या स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या आणि अशा स्थितीत नमाज सोडावी काय, असे त्यांनी विचारले. हे रक्त पाळीचे नसून एका शिरेतून येणारे आहे, असे प्रेषितांनी त्यांना समजावले आणि पाळीचे नेहमीचे दिवस वगळून नमाज अदा करण्यास सांगितले. हैज आणि इस्तिहाजा हा फरक आपल्या घरांत त्यामुळेच माहीत आहे. त्या काळी एका स्त्रीने हा प्रश्न विचारला आणि तो सांगितलाही गेला, लिहिलाही गेला. मग आज आपण तो डॉक्टरांना विचारायला का कचरावे? इस्तिहाजाचा मसला आलिमांकडून जरूर समजून घ्यावा. पण तो आजार आहे आणि त्याचा इलाज करायचा आहे, हेही त्यासोबत समजून घ्यावे.

आता वाट कोणती, ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय यांत येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे आहेत. तिथे काही शुल्क लागू शकते, पण ते खाजगीच्या मानाने कमी असते. अडचण असल्यास तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. मोठ्या शहरांतील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार असू द्या. रोजच्या औषधांसाठी जनऔषधी दुकानात विचारा. वय ३० च्या पुढे असेल, तर आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते. ती करून घ्या. महिला डॉक्टर हव्या असतील, तर त्या कोणत्या दिवशी असतात हे आशाताईंना आधी विचारून जा.

त्या मुलीच्या अम्मीसोबत आम्ही आधी एक साधे काम केले. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावले. मग शंभर पानी वहीत दोन महिने नोंद ठेवली. पाळी कधी आली, कधी थांबली. दिवसाला किती पॅड किंवा कपडे बदलले. गाठी पडल्या का. कळ कुठे आणि कोणत्या दिवशी आली. लघवीला, शौचाला किंवा पती-पत्नीच्या संबंधावेळी दुखते का. कोणती गोळी घेतली आणि तिने काय फरक पडला. शेवटचे प्रश्न तोंडाने बोलवत नसतील, तर लिहून देता येतात. वही डॉक्टरांपुढे ठेवली की काम होते.

त्या जिल्ह्याच्या स्त्री रुग्णालयात गेल्या. पहिला दिवस रांगेतच गेला, हे लपवत नाही. पण डॉक्टरबाईंनी वही वाचली आणि विचारपूस नीट झाली. हिमोग्लोबिन ७.१ निघाले. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले होते. पण आपल्या घरातली बाई त्यात आहे, हे अनेकदा कुणाच्या ध्यानातच नसते. थायरॉइडची तपासणी आधी कुणी केलीच नव्हती. ती बिघडलेली निघाली. अस्तराचा तुकडा तपासला, त्यात कर्करोग नव्हता. सलाइनमधून लोह दिले, थायरॉइडची गोळी सुरू झाली. चार महिन्यांत पाळी सहा दिवसांवर आली. डावीकडची कळ मात्र आहे. एंडोमेट्रिओसिसचा संशय असल्याने वैद्यकीय महाविद्यालयात दुर्बिणीच्या तपासणीसाठी नाव लागले आहे. म्हणजे निम्मे उत्तर मिळाले आणि निम्मे मिळायचे आहे. पण गर्भाशय जागेवर आहे, ३५ हजारांचे कर्ज झालेले नाही आणि मुलगी शाळेत येते आहे.

कुणी शस्त्रक्रिया सुचवली, तर पाच प्रश्न लिहून न्यावेत. आजाराचे नाव काय? ते कशावरून ठरले? गर्भाशय न काढता दुसरा उपाय आहे का? काही महिने थांबलो, तर काय धोका आहे? अंडाशये ठेवणार की काढणार? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. उत्तर मिळाले नाही, तर रिपोर्टची फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

काही लक्षणांत मात्र वही भरत बसू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधी असलेला स्राव, सतत फुगलेले पोट, कारण नसताना वजन उतरणे: यांत लगेच तपासणी हवी. तासाला एक पॅड भिजत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असताना पोटात जोराची कळ येत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

अविवाहित मुलींबद्दल एक शब्द. "लग्नाआधी बाईच्या डॉक्टरकडे नेले तर लोक काय म्हणतील, रिश्ता कसा येईल," या भीतीने मुलींना वर्षानुवर्षे दुखण्याच्या गोळ्यांवर ठेवले जाते. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून केली जाते. आतून तपासणी तिच्या संमतीशिवाय होत नाही. अम्मी सोबत असू शकते. दर महिन्याला परीक्षा, शाळा बुडवणारे दुखणे "सगळ्यांनाच होते" म्हणून सोडून देण्यासारखे नसते.

आणि घरातील बंधूंना सांगायचे ते असे. दुआ आपण करतोच आणि करत राहू. दवा करणे हीही आपल्या प्रेषितांची शिकवण आहे. आपली शरीक-ए-हयात बारा-बारा दिवस रक्त सांडत रोट्या थापते आणि आपल्याला ते माहीत नसते, ही हया नव्हे, बेखबरी आहे. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण तिच्याबरोबर जा. केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, फाइल तुम्ही सांभाळा, आणि आत गेल्यावर तिला बोलू द्या.