परगावी गेलेल्यांना उभे करणारे शिक्षण



दसरा-दिवाळी आली की कळंब, वाशी, भूम, परांडा भागातील वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल आधीच खर्ची पडलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो आणि बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या कारखान्याकडे निघते. मग पाच-सहा महिने ते कुटुंब ना इथले, ना तिथले. मुलाचे नाव इथल्या शाळेत, मूल तिथे फडात. रेशनकार्ड इथे, चूल तिथे. बाईचे दिवस भरले तर दवाखाना कोणता, हे कोणी सांगत नाही.

अशा कुटुंबाला परक्या ठिकाणी उभे राहायला मदत करणे हेही एक शिकण्याचे काम आहे. कॅनडासारख्या देशात नव्याने आलेल्यांना घर, शाळा, नोकरी मिळवून द्यायला सरकारी पैशावर संस्था चालतात आणि तिथे पगारी कार्यकर्ते असतात. आपल्याकडे हे शिक्षण समाजकार्य या नावाने मिळते. पदवीनंतर दोन वर्षांचा एम.एस.डब्ल्यू. हा त्याचा मुख्य अभ्यासक्रम.

खरे पाहता हे काम आपल्या समाजाला नवे नाही. खेडे सोडा, शहरात जा, असे बाबासाहेबांनी सांगितले. आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत गेली. बीडीडी चाळीत आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला खोलीत जागा दिली, कामाला लावले, त्याच्या पोराला शाळेत घातले. पण उसाच्या फडावर असा आधी आलेला कोणी नसतो. सगळेच नवे आणि सगळेच उचलीने बांधलेले. तिथे नाते पुरत नाही, कायदा जाणणारा माणूस लागतो.

कायदे आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयानुसार वर्गात बसता येते आणि गाव सोडताना शाळेचा दाखला अडवता येत नाही. रेशन आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही उचलता येते. परराज्यात जाणाऱ्या कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला, तो पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे, त्यांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. कागदावर हे सारे आहे. ते कोपीपर्यंत नेणारी माणसे फार थोडी आहेत.

आपल्या जिल्ह्याने वसवणूक जवळून पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर आणि आसपासची गावे पडली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरांचे माप मात्र जमिनीवरून ठरले. मोठ्या शेतकऱ्याला ७५० चौरस फूट, मधल्याला ४००, आणि अल्पभूधारक व भूमिहीनाला २५०. यात आपल्या वस्तीच्या वाट्याला काय आले, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून आम्ही म्हणतो, असे नियम ठरतात त्या बैठकीत आपला शिकलेला माणूस हवा.

हे शिक्षण दाराशी आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार १९८६ पासून आपल्या तुळजापुरात आहे. भूकंपानंतर लोकसहभागाच्या कामातही ही संस्था होती. पदव्युत्तर प्रवेशासाठी अलीकडे सीयूईटी ही देशपातळीवरची परीक्षा घेतली जाते. मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही एम.एस.डब्ल्यू. आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर या वाटेने जाऊ शकतो.

कागदपत्रे आधी तयार ठेवा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलेच जातीचे प्रमाणपत्र लागते. उत्पन्नाचा दाखला काढा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

नोकरीचे काय, असे आईवडील विचारतील. खरे तेच सांगतो. स्वयंसेवी संस्थांत आणि सरकारी प्रकल्पांत बरीच पदे कंत्राटी असतात, मानधन तुटपुंजे असते. पण बाल संरक्षण कक्ष, महिलांची समुपदेशन केंद्रे, रुग्णालये इथे या पदवीला मागणी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. २०२० च्या संहितेत ही संख्या २५० वर आणली आहे. ज्या कारखान्याला आपली आई ऊस तोडून घालते, तिथे लेक कल्याण अधिकारी होऊ शकते. पोलीस भरतीची तयारी जरूर करा, पण तेवढी एकच वाट आहे असे धरून चालू नका.

जयंती मंडळांना आमची एक विनंती आहे. यंदाच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा. ज्या घरची माणसे कोयता घेऊन जातात, त्या घरातील एका पदवीधर मुलीची प्रवेश परीक्षेची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च मंडळाने उचलावा. फडावर पोराचा दाखला अडला म्हणजे काय होते, हे तिला कोणी शिकवायला नको. त्यावर इलाज कोणता, एवढेच तिला शिकायचे आहे.

जयभीम!