समिट झालं का?

मंडळी, या वीकांताला खरं तर दुसरंच काहीतरी टंकायचं ठरवलं होतं. पण शुक्रवारी ऑफिसात एक संवाद झाला आणि डोकं फिरलं. आमच्या टीममधला एकजण हिमालयात विंटर ट्रेकला निघालाय. मुलगा हुशार, चार ओळींचा बदल असला तरी तीनदा टेस्ट केल्याशिवाय प्रॉडक्शनला सोडत नाही. त्याने मला विचारलं, "त्या कंपनीचा समिट सक्सेस रेट किती आहे रे?" मी म्हटलं, "उताराचा कोन किती आहे ते विचारलंस का?" तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

मला हसता आलं नाही, कारण २०२४च्या एप्रिलमध्ये मीही तसाच होतो. जोशीमठच्या बाजूचं पांगरचुला, साधारण १५,००० फूट. आधीचे दोन दिवस बर्फ पडला होता आणि शेवटच्या रात्रीही आभाळ होतं. पहाटे अडीचला निघालो. आमचा गाईड तिथल्याच गावचा, चाळिशीचा, मोजकं बोलणारा. आम्ही त्याला भैजी म्हणायचो. उजाडल्यावर एका मोकळ्या उतारापाशी त्याने सगळ्यांना थांबवलं, एकटाच पंधरा-वीस पावलं पुढे गेला आणि काठी खुपसून बघू लागला. तेवढ्यात त्याच्या पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज आला, वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी टाकल्यासारखा. तो आपल्याच पावलांवर पाय ठेवत परत आला आणि म्हणाला, "बर्फ़ बैठा नहीं है. वापस चलेंगे."

बास. एवढंच.

शिखर समोर दिसत होतं. आमच्यातला एकजण म्हणाला, "भैजी, पूरा पैसा दिया है हमने." मी गप्प होतो, पण मनातून त्याच्याच बाजूने. खाली आल्यावर फीडबॅक फॉर्म आला, त्यात मी गाईडला पाचपैकी दोन स्टार दिले आणि खाली लिहिलं, 'ग्रुपला मोटिवेट करत नाही'. हो, मीच लिहिलं. ज्या माणसाने बहुधा माझा जीव वाचवला त्याचं मी अप्रेझल खराब करून आलो.

तेव्हा मला हेही ठाऊक नव्हतं की तो 'धप्प' आवाज म्हणजे बर्फाने दिलेला अगदी सरळ इशारा असतो. बर्फ थराथरांनी साचतो. निरभ्र, कडाक्याच्या रात्रींत खालचा थर हळूहळू साखरेसारखा रवाळ, सुटा होतो. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा त्याला कड्याच्या आडोशाला ढकलून दाबून बसवतो आणि त्याची एक लादी तयार होते. रवाळ थरावर लादी. आपला पाय पडला की खालचा थर खचतो, तोच तो आवाज. उतार पुरेसा असेल तर अख्खी लादी सुटते. पुरेसा म्हणजे किती? ३० ते ४५ अंश. आपल्या सोसायटीचा जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो, म्हणजे कुणाला भीतीही वाटणार नाही असा उतार. आणि आपण सपाटीवर चालत असलो तरी डोक्यावर तसा उतार असेल तर तो खाली येतोच.

इथेच आपण सह्याद्रीवाले फसतो. कोकणकड्याच्या काठावर आपण पोटावर झोपून बघतो, कारण तिथली भीती डोळ्यांना दिसते. शेवाळलेला कातळ दिसतो, ओढ्याला आलेलं पाणी दिसतं. बर्फाचा उतार मात्र सुंदर दिसतो, त्यावरून बूड टेकवून घसरावंसं वाटतं, आणि आपण घसरतोही (व्हिडिओसकट). 'लिंगाणा केलाय, हा तर वॉक आहे' असं म्हणणारे मी स्वतः ऐकलेत. लिंगाण्याने तुम्हाला दोर शिकवला, बर्फ नाही शिकवला राजे.

अपघात झाला की मात्र आपलं ठरलेलं वाक्य तयार असतं: 'निसर्गापुढे कुणाचं चालतं?' या वाक्याची मला आता चीड येते. ट्रेकर, स्कीअर आणि गिर्यारोहकांच्या अपघातांत बहुतेक वेळा हिमस्खलन त्यात सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेलं असतं. आकाशातून पडलेलं ते संकट नसतं, आपण टाकलेलं पाऊल असतं. 'निसर्ग' म्हटलं की कंपनीही सुटली, लीडरही सुटला आणि आपणही सुटलो. प्रॉडक्शन बंद पडल्यावर 'सर्व्हरची मर्जी' असं म्हणून बघा एकदा मॅनेजरला!

यावर कुणीतरी म्हणेल की अनुभवी लोकही मरतात. मरतात ना. ४ ऑक्टोबर २०२२ला उत्तरकाशीतल्या द्रौपदी का डांडा-२ वर प्रशिक्षणासाठी गेलेल्या तुकडीवर हिमस्खलन झालं आणि २९ जण गेले. त्यात सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात १६ दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली ही मुलगी तिथे प्रशिक्षक होती. यावरून 'म्हणजे सगळं नशीबच' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला उलटं दिसतं. बर्फ तुमचा बायोडेटा वाचत नाही. तिच्यासारखीचा अनुभव जिथे पुरला नाही, तिथे पाच दिवसांचं पॅकेज आणि भाड्याचे बूट घेऊन आलेला मी गाईडशी हुज्जत घालायच्या मनःस्थितीत होतो!

आणि माणा? २८ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कामावरच्या ५४ मजुरांवर बर्फ कोसळला. ४६ वाचले, ८ गेले. पांगरचुला याच चमोली जिल्ह्यात येतं. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेने आदल्या संध्याकाळीच चमोलीसह पाच जिल्ह्यांसाठी, २,४०० मीटरच्या वरच्या भागाला हिमस्खलनाचा इशारा दिला होता. म्हणजे निसर्गाने काही लपवलं नव्हतं. कंटेनरमध्ये झोपलेला मजूर पोटासाठी तिथे होता, सकाळी 'आज नको' म्हणायची सोय त्याला नव्हती. आपल्याला असते. आपण पैसे मोजून तिथे जातो आणि 'आज नको' म्हणणाऱ्याला दोन स्टार देतो.

बातमी वाचली त्या रात्री मला तो फॉर्म आठवला. झोप लागली नाही.

'मग काय घरी बसायचं?' असं कृपया विचारू नका. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचं बुलेटिन काढते, धोक्याच्या १ ते ५ अशा पायऱ्यांत. लोक ते वाचतात आणि तरीही डोंगरात जातातच. गंमत म्हणजे सर्वांत जास्त बळी ५ला जात नाहीत, ३ला जातात. ५ला सगळे घरी असतात, ३ला 'बघू जमतंय का' असं म्हणत बाहेर पडतात. तो 'बघू जमतंय का' मला चांगलाच ओळखीचा आहे.

आणि साधनांचं काय? गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची शक्यता चांगली असते, अर्ध्या तासानंतर ती फार कमी होते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, शेजारी उभा असलेला माणूसच काय तो काढणार. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, पाठीवर प्रोब आणि फावडं लागतं, शिवाय ते वापरायचा सराव. आमच्या वीस जणांत यातलं एकही नव्हतं. ॲक्शन कॅमेरे मात्र चार होते.

कंपन्यांवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं नाही मला, पण 'समिट सक्सेस रेट ९५ टक्के' अशी जाहिरात जी कंपनी करते ती गाईडला आधीच सांगून ठेवते की परत फिरू नकोस. आणि ती जाहिरात चालते, कारण सोमवारी ऑफिसात आपल्याला एकच प्रश्न विचारला जातो: समिट झालं का? 'झालं नाही, बर्फ बसला नव्हता' हे उत्तर देताना मी अक्षरशः लाजलो होतो.

असो. परवा त्या कंपनीचं मेल आलं. 'तुमचा अपूर्ण समिट पूर्ण करा, जुन्या ग्राहकांना २० टक्के सूट.' मी उलट तीन प्रश्न पाठवले. वाटेवरचा सर्वांत तीव्र उतार किती अंशांचा आहे आणि डोक्यावर काय आहे? डीजीआरईचं बुलेटिन कोण बघतं, आणि ते बघून ट्रेक थांबवायचा अधिकार कुणाला? गाईडने परत फिरवलं तर त्याचे पैसे कापता का? चौथ्या ओळीत भैजींना दिलेले दोन स्टार बदलून मिळतील का, असं विचारलं.

चौथ्याचं उत्तर लगेच आलं: फॉर्म एकदा सबमिट झाला की एडिट करता येत नाही. बाकीच्या तिघांची वाट बघतोय.