‘बघून घेईन’चे भाषांतर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण साक्षीदार म्हणून नावाचे समन्स आले, की शहाण्यालाही ती चढावी लागते. मग माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराची काय कथा! आमच्या इमारतीत पाण्याच्या पंपावरून दोन बिऱ्हाडांत जुंपली, प्रकरण हातघाईवर आले आणि त्या वेळी मी दुधाची पिशवी घेऊन नेमका जिन्यात होतो. एवढाच माझा अपराध.

पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. वीस वर्षे वर्गात मराठीच बोलत आलो, तेव्हा चार वाक्ये बोलायची भीती वाटण्याचे कारण नव्हते. मी सांगितले, “खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर पाहून म्हणाले, ‘थांब, तुला बघून घेईन.’” न्यायाधीशांनी लघुलेखकाकडे मान वळवून शांतपणे सांगितले, “आरोपीने फिर्यादीस धमकी दिली.” कळफलकावर टकटक झाली आणि माझे वाक्य संपले.

मी बोललो ते मराठी आणि उतरले तेही मराठीच. तरी मधल्या मधे एक भाषांतर होऊन गेले होते. ‘बघून घेईन’ म्हणजे काय, हे वाचकांना मी सांगायला नको. नापास झालेला विद्यार्थी मास्तरांना बघून घेणार असतो, घरमालक भाडेकरूला बघून घेणार असतो. आणि “तुम्ही निघा, इथलं मी बघून घेईन,” म्हणणारी वहिनी तर साऱ्या घराचा आधार असते. याचे कुणी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केले, तर धमकी हवेत विरून जाईल. कुणी ‘ठार मारीन’ असे केले, तर एका माणसाच्या गळ्यात भलताच गुन्हा येईल. ‘परवा’चेही तसेच. मराठी माणसाचा परवा मागचा असतो, पुढचा असतो आणि पुष्कळदा तो नुसताच ‘मागे एकदा’ असतो. पण कागदावर त्याची तारीख होते, आणि त्या तारखेला आरोपी गावात होता की नव्हता यावर सारा खटला तोलला जातो.

त्यात साक्ष प्रश्नोत्तरांच्या रूपात क्वचितच उतरते. कायद्याने ती सामान्यतः निवेदनरूपाने लिहायची असते. त्यामुळे वकील विचारतात ते शब्दही साक्षीदाराच्याच तोंडचे होऊन बसतात. उलटतपासणीत मी फक्त “नाही” म्हणालो होतो, कागदावर वाचले ते असे : “हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.” असले वाक्य मी जन्मात बोललो नसतो, आणि एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले असते तर खाली तांबडी रेघ ओढली असती!

मात्र साक्ष वाचून दाखवली जाते, ही मोठी सोय आहे. साक्षीदाराने चूक दाखवली तर न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतात, किंवा दुरुस्ती न करता त्याच्या हरकतीची टीप लिहून ठेवू शकतात. मी धीर करून म्हटले, “मी ‘धमकी’ म्हणालो नाही, ‘बघून घेईन’ म्हणालो.” न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि मूळ शब्द अवतरणात घालायला सांगितले. धमकी होती की नव्हती, हे ठरवण्याचे काम त्यांचे. पण ठरवायचे ते माझ्या शब्दांवरून, एवढेच माझे म्हणणे होते. जानेवारी २०२३ मध्ये नईम अहमद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर बोट ठेवले. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो आणि कागदावर फक्त न्यायाधीशांनी केलेले इंग्रजी उरते, ही रीत कायद्याला धरून नाही, असे त्या निकालात स्पष्ट सांगितले आहे.

या गोष्टीची किंमत महाराष्ट्राने फार पूर्वी मोजली आहे. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला तो ‘केसरी’तल्या मराठी मजकुरावर. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी गृहस्थ. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. १९०८ साली पुन्हा तेच. खास ज्यूरी नेमण्याच्या मागणीला बॅप्टिस्टांनी विरोध केला, कारण तशा ज्यूरीत मराठी न जाणणारे युरोपियनच भरणार हे उघड होते. मागणी मंजूर झाली. सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि पुढे कित्येक दिवस मिळून सुमारे एकवीस तास ते स्वतःच बोलले. त्या भाषणाचा मोठा भाग म्हणजे भाषांतराचा तास आहे : हा शब्द मराठीत किती जड, तो इंग्रजीत किती जड, आणि दोहोंतले अंतर कुणाच्या पदरात पडायचे. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची. ज्या लेखांसाठी ती झाली, ते मूळ भाषेत वाचू शकणारे त्या बाकांवर जवळजवळ कुणीच नव्हते. टिळकांना निदान दोन्ही भाषा येत होत्या, म्हणून त्यांना भांडता तरी आले.

हे सारे मला त्या दिवशी आठवले ते एका दुसऱ्याच माणसामुळे. माझ्या आधी एका चोरीच्या खटल्याचा पुकारा झाला. आरोपी ओडिशातून बांधकामावर आलेला, विशीतला पोरगा. मुकादम पिंजऱ्यात उभा राहून फर्डे मराठी बोलत होता, वकील मराठीत विचारत होते आणि तो पोरगा ज्याचे ओठ हलतील त्याच्याकडे पाहत होता. एकदा त्याने काही विचारायला तोंड उघडले, तेव्हा त्याच्या वकिलांनी हातानेच ‘थांब’ म्हणून खुणावले.

कायदा असा नाही. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ३१४ व्या कलमाने जुन्या २७९ व्या कलमातला नियम तसाच पुढे चालवला आहे : आरोपी हजर असेल आणि साक्षीची भाषा त्याला कळत नसेल, तर ती त्याला कळेल अशा भाषेत उघड न्यायालयात समजावून दिली पाहिजे. दुभाष्याने खरेच भाषांतर केले पाहिजे, हेही पुढे सांगितले आहे. पण हा हक्क साक्षीपुरता आहे. वकिलांच्या युक्तिवादाला तो लागू नाही. निकालाच्या वेळी तर कायदा म्हणतो, सारांश समजावून सांगा, ‘आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला’ समजेल अशा भाषेत. व्याकरण शिकवताना ‘किंवा’ला मी विकल्पबोधक अव्यय म्हणून एका ओळीत उरकतो. इथे त्या एका अव्ययाने आरोपीला खोलीबाहेर उभे केले आहे!

आणि नियम मोडला तर? साठच्या दशकात मद्रासच्या एका प्रकरणात ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. इंग्रजीतली साक्ष आरोपीला समजावून दिली नव्हती. परंतु वकिलांना भाषा येत होती, आरोपीचे नुकसान झाले नाही, तेव्हा ही नुसती अनियमितता, असे ठरले. त्याच दशकात, १९६२ साली, हरिकिसन नावाच्या नागपूरच्या स्थानबद्धाबाबत मात्र तेच न्यायालय कडक राहिले. अटकेची कारणे त्याला इंग्रजीत दिली होती, त्याने हिंदी मागितली, सरकार म्हणाले इंग्रजी ही राजभाषा आहे. न्यायालय म्हणाले, राजभाषा कुठलीही असो, ज्याला कोंडले त्याला कळली पाहिजेत. माझ्या अडाणी बुद्धीला खटल्याविना कोंडलेल्याच्या बाबतीतली ही ताठ भूमिका खटला चालणाऱ्याच्या बाबतीतही हवी होती असे वाटते. वकिलांना कळले म्हणजे अशिलाला कळले, हे म्हणजे डॉक्टरांनी औषध चाखले म्हणजे रोग्याचा ताप उतरला म्हणण्यासारखे.

१९९८ साली शासनाने उच्च न्यायालयाखालच्या न्यायालयांची भाषा मराठी जाहीर केली, तेव्हा आम्ही भाषेची माणसे आनंदलो होतो. आनंदायलाच हवे होते. परंतु भामरागडच्या माडियाला किंवा मेळघाटातल्या कोरकूला तिथली मराठी तितकीच परकी, जितकी टिळकांच्या ज्यूरीला ‘केसरी’ची.

मी साक्ष आटोपून बाहेर आलो, तर तो ओडिशाचा पोरगा व्हरांड्यात शिपायाबरोबर उभा. माझे कपडे पाहून त्याला मी वकील वाटलो असेन. मोडक्या हिंदीत त्याने विचारले, “साब, मेरा क्या हुआ?” मी आत होतो, सारे ऐकले होते, शब्दन् शब्द समजला होता. मुकादम काय म्हणाला ते हिंदीत जुळवायला लागलो, पण दोन वाक्यांतच अडखळलो. आणि शिपाई त्याला चल म्हणू लागला. तेव्हा घाईघाईने म्हणालो, “तारीख.” त्याने मान हलवली. तो शब्द त्याला आधीपासून येत होता.